तोंड देवीकडे

सिद्राम मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा सोलापुरातल्या निदान दहा-बारा मोटारमालकांना आतून बरं वाटलं असणार. तसं कोणी बोलून दाखवलं नाही. उलट ज्यांना त्याने भर बोळात गाढव म्हटलं होतं, तेच "फार गुणी माणूस हो" म्हणत हळहळले. मेलेल्या मिस्त्रीचा एक मोठा गुण असतो. तो आपल्या गाडीचं झाकण उघडून हसत नाही.

मला बरं वाटलं नाही. मी मोटारमालक नाही. हायस्कुलात संस्कृत शिकवतो आणि शाळेत पायी जातो. सिद्राम गेल्यापासून त्याच्याविषयी चार ओळी लिहीन म्हणतो आहे, आणि रोज कागद तसाच राहतो. संध्याकाळी समोरच्या बोळातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत नाही, त्यामुळे हल्ली माझ्या घरात वाचायला भरपूर शांतता असते. वाचन मात्र होत नाही.

त्याची शेड शुक्रवार पेठेत आमच्या घरासमोर होती. पूर्वी तिथे सूत रंगवायची भट्टी असे. जमिनीवर लाल-निळे डाग अजून आहेत. त्यांच्यावर सिद्रामने बारा-तेरा वर्षांत काळ्या तेलाचा थर चढवला. त्याआधी तो एका कापडगिरणीत फिटर होता. गिरणीतून त्याने स्वतःबरोबर दोनच गोष्टी आणल्या. एक, भोंग्याबरोबर जेवायची सवय. भोंगा झाला की हातातला नट अर्धा पिळलेला असला तरी तो तसाच सोडून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं फडकं सोडी. दुसरी गोष्ट म्हणजे सूत गुंडाळायची एक जुनी लाकडी बॉबिन. आतून पोकळ, वीतभर लांब. तिचं एक टोक तो चालू इंजिनावर टेकवी, दुसऱ्याला कान लावी आणि डोळे मिटून घेई. सिव्हिल सर्जनसुद्धा इतका वेळ छातीला नळी लावत नसेल.

गिरणी का सोडली, याची गोष्ट तो एका वाक्यात सांगे. "मॅनेजरसायबाच्या गाडीला बॉबिन लावली, आन् खरं काय ते सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"गाडी बरी हाय, ड्रायवर बदला म्हनलं. सायब सोताच ड्रायवर."

आमची ओळख झाली ती एका इंग्रजी पुस्तिकेमुळे. एक दिवस तो माझ्या ओट्याशी उभा राहिला. ठेंगणा, रुंद, डोक्याला मळकं फडकं, कपाळावर मात्र विभूतीचे तीन स्वच्छ पट्टे. हातात मोटारीबरोबर कंपनी देते ते पुस्तक होतं. "मास्तर, हे वाचून सांगायचं. पन मराठीत सांगा, संस्कृतात नगं." कानडी त्याला वाचता येई, मराठी अडखळत; इंग्रजी मुळीच नाही. त्या दिवसापासून मी त्याचा वाचक झालो. मी ओळ वाचायची, मराठी करायची. त्याने डोळे मिटून ऐकायचं आणि "म्होरं" म्हणायचं. अधूनमधून तो कंपनीला दुरुस्त करी. "सपाट रस्त्यावर लिवलंय हे. त्येला म्हनावं एकदा अक्कलकोटच्या रस्त्यानं ये." एकदा इंजिन तापू नये म्हणून काय करावं याचं पानभर विवेचन मी मोठ्या मेहनतीने समजावलं. शेवटी तो म्हणाला, "पुस्तकातलं इंजिन कवाच तापत न्हाय, मास्तर. त्येला चढ कुटं असतोय?" वीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्याला हे वाक्य लागायला नको होतं. पण लागलं.

जुन्या गाडीत जीव आणायचा हा त्याचा धंदा होता, आणि त्यात नवा माल घालणं त्याला कमीपणाचं वाटे. "पैसं घालून इंजिन पळवाय काय, कुनीबी पळवंल. आदी घान काड, मंग घाल." हा त्याचा मंत्र. गाडी दारात आली की काय बिघडलं हे तो कधी विचारीत नसे. पहिला प्रश्न ठरलेला: "काय काय घातलं?" मालक मोठ्या अभिमानाने यादी सांगे. मुंबईहून मागवलेलं हे, कलकत्त्याच्या जाहिरातीतलं ते. सिद्राम ऐकून घेई आणि एकेक काढायला लागे. काढलेली वस्तू परत दिली तर मालक ती पुन्हा बसवतील, म्हणून तो ती भिंतीवर खिळ्याला टांगी. अशा पंधरा-वीस वस्तू झाल्यावर त्याने माझ्याकडून एक पाटी लिहून घेतली. मी बोरूने, वळणदार अक्षरात लिहिलं: 'काढलेले'. संग्रहालयात असते तशी ती पाटी भिंतीच्या मधोमध लागली. मालक आपापला खिळा ओळखत आणि तिकडे पाठ करून उभे राहत.

एका आडत्याची गाडी अशीच आली. ती धावत नव्हती आणि चालू झाली की लाह्यांचा वास येई. पुण्याला नेऊन त्यांनी पेट्रोल आणि हवा मिसळायचं सबंध यंत्र नवं बसवलं होतं. वास तसाच. घरात कुणी म्हणालं बाहेरची बाधा, म्हणून गाडीवरून नारळही उतरवला होता. सिद्रामने यादी ऐकली, बॉबिन लावली, मग मागे जाऊन धूर जायची नळी सोडवली आणि जमिनीवर आपटली. आतून ज्वारी पडली. थोडी काळी, थोडी भाजलेली, थोडी चांगली फुललेली. आडत्याची गाडी धान्याच्या वखारीत उभी असे आणि उंदरांनी नळीत हिवाळ्याची बेगमी केली होती.

"शेट," सिद्राम ज्वारी मुठीत घेऊन म्हणाला, "ह्ये इंजिन न्हाय, पेव हाय. गूळ हाय का, लाडू करू?"

आडत्या पुन्हा कधी त्या बोळात आला नाही. पण गाडी उत्तम पळू लागली, हेही खरं.

सिद्राम दुसऱ्याच्या मूर्खपणावर असा हसे, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगायला मला जरा बरं वाटतं. ती घडली अण्णासाहेब वकिलांच्या गाडीपायी.

अण्णासाहेबांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाची जुनी अमेरिकन मोटार घेतली होती. काळी, उंच, पत्र्याची. अण्णासाहेब ती स्वतः चालवीत, आणि कोर्टात उलटतपासणी करावी तशी चालवीत. आधी आरडाओरडा, मग प्रश्न. सोलापुरात ती बरी चाले. पण नवरात्रात त्यांच्या आईला, आक्कांना, तुळजापूरला न्यायचं असे. देवी त्यांची कुलस्वामिनी. आक्का लग्न होऊन आल्यापासून दर नवरात्रात चालत गेल्या, मग गुडघे गेल्यावर बैलगाडीतून. पुढे डॉक्टरांनी छातीला हात लावून सांगितलं की बैलगाडीचे धक्के आता बंद. म्हणून मोटार.

आणि मोटार तुळजापूरचा घाट चढेना. कारण साधं होतं. या गाडीची पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली असते आणि पेट्रोल पाण्यासारखं आपलं आपण उताराने इंजिनाकडे जातं. चढावर गाडीचं नाक वर झालं की इंजिन उंच, टाकी खाली. पेट्रोल कशाला वर जाईल? सिद्रामने त्यावर बिनखर्ची तोड सांगितली: गाडी वळवा आणि उलटी चढवा. उलटं चाललं की इंजिन खालच्या बाजूला येतं, पेट्रोल मिळतं. शिवाय उलट्या चालीला ताकद सगळ्यात जास्त. युक्ती खरीच होती. त्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी अण्णासाहेबांनी गाडी वळवली आणि पाठीकडून चढवायला लागले. तिथे मोगलाईचा एक शिपाई झाडाखाली बसला होता. तो उठून उभा राहिला, पुढून बघितलं, मागून बघितलं आणि ओरडला, "ओ वकीलसाब! आ रएं कि जा रएं?"

तेवढ्यावरून आक्कांच्या लक्षात आलं. त्यांनी डोंगराकडे मान वळवून पाहिलं, मग आपल्या समोर दूर जाणारा सोलापूरचा रस्ता पाहिला.

"अण्णा, देवी कुठल्या बाजूला?"

"मागं आहे आक्का. म्हणजे पुढं. आपण तिकडंच चाललोय."

"पाठ करून?"

देवळातून बाहेर पडतानासुद्धा त्या कधी देवाकडे पाठ करीत नसत. उंबऱ्यापर्यंत मागे मागे चालत येत, मग वळत. त्यांनी गाडी थांबवायला लावली. "देवीला पाठ दाखवत गेलेल्याला देवी तोंड दाखवते होय रे? फिरव माघारी." अण्णासाहेबांनी अर्धा तास युक्तिवाद केला. कोर्टात जिंकणाऱ्या माणसाला आईपुढे तारीखसुद्धा मिळाली नाही. तिथूनच हात जोडून आक्का परत आल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा नवरात्र दर्शनावाचून गेलं.

परत आल्यावर त्यांनी सिद्रामला बोलावून घेतलं. मी तेव्हा वकिलांचं पुस्तक परत करायला गेलो होतो. आक्का पाटावर बसल्या होत्या.

"युक्ती तुझी का रे?"

"व्हय, आक्का."

"तुझ्या इंजिनाला अक्कल आहे हो. तुला नाही."

कोणालाही दोन शब्द सुनावणारा सिद्राम खाली बघून उभा राहिला. बोळात आल्यावर मला म्हणाला, "पेट्रोल कुटनं कसं वाहतंय ह्येचा इचार केला, मास्तर. मानूस कुटं तोंड करून बसलंय ह्येचा केलाच न्हाय." मग डोक्याचं फडकं झटकत, "म्होरच्या साली सरळ न्हेतो. तोंड देवीकडं करून." दुसऱ्या दिवशी तो जाऊन आक्कांनाही हेच सांगून आला. आक्का म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी असले तर."

वर्षभरात आक्का आणखी थकल्या. भाद्रपदात तर अंथरुणावरच होत्या; पण नवरात्र जवळ आलं तशा उठून बसू लागल्या. पाचव्या माळेला त्या म्हणाल्या, दसऱ्याला देवी निद्रेला जाते, त्याच्या आत मला ने. नवमीचा दिवस ठरला.

अण्णासाहेबांनी त्याआधीच्या वर्षभरात स्वस्थ बसावं की नाही? त्यांनी मुंबईच्या कॅटलॉगातून एक पितळी डबी मागवली. ती बसवली की ठिणगी दुप्पट होते आणि इंजिनात चौपट जोर येतो, असं कॅटलॉगात छापलं होतं. पेट्रोलात टाकायचं एक तांबडं औषधही मागवलं. डबी बसवल्यावर गाडी शाळेच्या फाटकाचा चढसुद्धा चढेना. मग ती नवरात्राच्या महिनाभर आधी सिद्रामकडे आली.

"काय काय घातलं?"

अण्णासाहेबांनी यादी सांगितली, आणि वर बजावलं, "हे बघ, पंचवीस रुपयांच्या वर एक पै मिळणार नाही."

"नगंच. पंचवीसबी लई झालं."

डबी दोन मिनिटांत खिळ्यावर गेली. मग त्याने इंजिनाचं डोकं उतरवलं. आत काजळीचा थर होता, जुन्या चुलीच्या पाठीला असतो तसा. तो त्याने बाभळीच्या चिपेने खरवडला. लोखंडाने खरवडलं तर आतलं अंग दुखावतं. झडपा नीट बसत नव्हत्या, त्यांतून दम निसटत होता. त्या त्याने तेलात कालवलेल्या बारीक वाळूसारख्या पुडीने घासल्या. हाताने, एकेक, चार दिवस. पेट्रोलाची पातळी राखणारा बुचाचा तरंगा पेट्रोल पिऊन जड झाला होता. तो उन्हात वाळवून त्यावर लाखेचा हात दिला. ठिणगीच्या टोकांमधलं अंतर त्याने आपल्या अंगठ्याच्या नखाने मोजलं. पुस्तकात ते अंतर इंचाच्या कुठल्याशा भागात दिलं होतं, आणि मी ते दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "व्हय, त्येच नख." सोलापूरच्या खाऱ्या पाण्याने पाण्याच्या टाकीत चुन्याचा थर धरला होता; चिंचेच्या पाण्याने तो सोडवला. हँडल मारून बघताना आता हाताला जोर लागू लागला. तो हसला. "आता दम धरतीय. आदी नुसती धापा टाकत हुती."

ताकद आली, पण पेट्रोलचं काय? टाकी काठोकाठ भरली तर बहुतेक निभेल, असं त्याचं म्हणणं होतं. "पन मालकाला भर म्हनून सांगितलं म्हंजे भरली, आसं हाय का?" भरलेल्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं, असं अण्णासाहेबांचं ठाम मत होतं. म्हणून सिद्रामने टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद केलं, त्यात सायकलच्या ट्यूबची व्हाल्व झाळून बसवली आणि तिला बैठकीखालून बाहेर येणारी रबरी नळी जोडली. नळीच्या टोकाला सायकलचा पंप. टाकीत हवा भरली की हवा पेट्रोलला ढकलील, मग चढ असो की भिंत. "पन हलक्या हातानं," तो म्हणाला. "जास्त दाबलं तर पेट्रोल सांडंल, आन् मंग देवीच्या आधी वरचा देव भेटंल."

हे सगळं चालेल की नाही, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. करून बघायला घाट हवा, आणि सिद्राम म्हणे, "सोलापुरात चढ कसला, मालकांच्या नाकाला तेवढा." परीक्षा एकदमच व्हायची होती, आक्का आत बसलेल्या असताना.

नवमी म्हणजे खंडेनवमी. सकाळी सिद्रामने हत्यारं घासूनपुसून मांडली, त्यांना विभूती लावली, फुलं वाहिली. एकदा मांडलेली हत्यारं दसऱ्याचं सोनं लुटल्याखेरीज तो उचलत नसे. वाटेत काही सुटलं तर पाना हातात घेणार नाही, हे त्याने अण्णासाहेबांना आधीच सांगितलं. "आणि पंप?" अण्णासाहेबांनी विचारलं. "पंप हत्यार न्हाय. भाता हाय." या कलमाला आधार काय, हे वकिलांनी विचारलं नाही. मला मात्र पोथीपुस्तकांचा माणूस म्हणून बरोबर घेतलं. "मास्तर, पुस्तक घेऊन या. आन् ह्यो ठोकळा." पुस्तक मी गाडीत ठेवलं, ठोकळा, चाकामागे द्यायचा लाकडाचा, शेवटपर्यंत माझ्या हातात होता. माझ्या विद्येचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता.

अण्णासाहेबांच्या घरीही गाडीची पूजा झाली होती. वहिनींनी झेंडूचा एक भला जाड हार पुढच्या जाळीवर आडवा बांधला होता. सिद्रामने तो पाहिला. "ह्यो काढावा लागंल. जाळीतनं वारं जातंय, त्येनंच पानी गार ऱ्हातंय."

"पूजेचा हार आहे," आक्का आतून म्हणाल्या. "असू दे."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. त्या बाईपुढे तो वर्षभर गप्पच बसत होता.

घाटाच्या पायथ्याशी तो शिपाई त्याच झाडाखाली होता. यंदा गाडी वळत नाही हे पाहून तो जरा नाराजच झालेला दिसला. सिद्रामने टाकीत काडी घालून पाहिलं. अर्धी टाकी. त्याने अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी डोंगराकडे पाहिलं. मग मी आणि सिद्राम खाली उतरलो. गाडीत फक्त अण्णासाहेब, वहिनी आणि आक्का. अण्णासाहेबांनी डावा पाय दाबून गाडी सावकाश चालीत घातली. ती माणसाच्या चालीने निघाली, नाक वर करून. बाजूने सिद्राम, हातात पंप. नळी बैठकीखाली गेलेली. म्हशीला दावं धरून नेणाऱ्या गवळ्यासारखा तो गाडीबरोबर अर्धा चालत, अर्धा पळत, एकेक दाब देत होता. आणि मागे ठोकळा घेऊन मी. चालत जाणाऱ्या यात्रेकरूंनी आम्हाला वाट करून दिली, एक बाई दुसरीला म्हणाली, "नवस आसंल काय तरी."

पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्याला जाळीतून वाफ फुटली. हाराने वारा अडवला होता. गाडी थांबली, मी ठोकळा लावला. सिद्राम आक्कांच्या बाजूला गेला.

"आक्का, हार काडतो. न्हाईतर पानी उकळून जाईल."

आक्कांनी जरा विचार केला. "काढ. पण जमिनीवर ठेवू नकोस हो. पूजेतला आहे."

हार सोडून तो क्षणभर हातात धरून उभा राहिला. एक हात पंपाला हवा, दुसरा नळीला. गाडीत ठेवायला जागा नाही. जमिनीवर ठेवायचा नाही. मग त्याने तो सरळ आपल्या गळ्यात घातला. कळशीतलं पाणी ओतलं, इंजिन निवलं, आणि हाराखाली बनियन दिसेनासा झालेला सिद्राम पंप मारत पुन्हा पळू लागला.

शेवटच्या वळणावर चढ एकदम उभा होतो. तिथे इंजिन गुदमरलं, दोनदा ठसकलं आणि गाडी मागे सरकायला लागली. मी ठोकळा चाकाखाली सारला. अण्णासाहेब घामाने भिजले होते.

"आक्का, एवढं एकच वळण उलटं घेतो. वीस पावलं. तू डोळे मिटून घे, कळणार पण नाही."

आक्का काही बोलायच्या आत सिद्राम ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "येरवी काय बी करा वकीलसायब! आज उलटी घेतली तर ह्यो पंप दरीत टाकीन!" मग दम घेऊन, हळू, "कळनार न्हाय म्हंजे? देवीला कळंल की."

आक्का म्हणाल्या, "अण्णा, पाय दाब."

सिद्रामने पंप मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, कान इंजिनाकडे. बॉबिन शेडमध्ये पूजेत होती; त्याने नुसताच कान पत्र्याला टेकवला. कान भाजला असणार. "सोडा!" तो म्हणाला. मी ठोकळा काढला. गाडी क्षणभर जागीच थरथरली, आणि मग एकसारखा आवाज करत, कोणतीही घाई न करता वर गेली.

वर पोचल्यावर आक्कांनी समोरच्या शिखराकडे बघून हात जोडले. तोंड देवीकडे होतं.

दर्शनाला त्यांना खुर्चीतून पायऱ्या उतरवून नेलं. तासाभराने त्या परत आल्या तेव्हा सिद्राम इंजिनात डोकं घालून होता, हार अजून गळ्यात.

"सिद्राम, तू दर्शनाला आला नाहीस?"

"इंजिन तापलंय आक्का. सोडून कसं येऊ?"

"माझं तोंड देवीकडे केलंस रे, आणि तुझं इंजिनात," त्या म्हणाल्या, आणि वाकता येत नव्हतं तरी वाकून त्याच्या कपाळावरच्या विभूतीखाली कुंकवाचं बोट टेकवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या मंडळींना अण्णासाहेबांनी घाटाची हकीकत सांगितली. तीत पंप नव्हता. "मुंबईची ती पितळी डबी बसवली ना," ते म्हणाले, "ठिणगी दुप्पट! सरळ चढली." डबी त्या क्षणी 'काढलेले' या पाटीखाली खिळ्यावर लटकत होती. मी हे सिद्रामला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता वकिलांची धडगत नाही. तो बॉबिन पुसत होता. म्हणाला, "आसू द्या. भिताडावरनं काम करतीया म्हंजे भारीच माल हाय." डबीशेजारच्या खिळ्यावर तो झेंडूचा हार होता. तो त्याने वाळल्यावरही काढला नाही.

आक्का पुढच्या माघात गेल्या. अण्णासाहेबांनी नवी गाडी घेतली, तिच्यात पेट्रोल आपोआप वर चढतं. ते बोळात फिरकेनासे झाले.

सिद्राम श्रावणात गेला, चार दिवसांच्या तापाने. त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याला पालखीसारख्या सजवलेल्या विमानात बसवून खांद्यावरून नेलं. पुढे जंगम, शंख आणि घंटा. गळ्यात झेंडूचे हार होते, इतके की खालचा सदरा दिसत नव्हता. मी मागे चालत होतो. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. शेडच्या वळणावर विमान थांबलं. बोळात समोरून एक मोटार आली होती, नवी, चकचकीत. बोळ एवढा अरुंद की दोघांपैकी एकाने मागे गेल्याशिवाय वाट नव्हती. खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विमान मागे घ्यायला पावलं उचलली.

"थांबा!" मोटारीतून आवाज आला. अण्णासाहेब होते. ते भेटायलाच निघाले होते की दुसरीकडे, हे मी कधी विचारलं नाही. "त्याला मागं नेऊ नका. मी घेतो मागं."

त्यांनी गाडी उलट्या चालीत घातली. सबंध बोळ, दीडदोनशे पावलं, ती मागे मागे सरत गेली, तिच्यापुढे विमान. एरवी गाडी मागे घेताना माणूस मान वळवून पाठीमागे बघतो. अण्णासाहेबांनी वळवली नाही. ते सिद्रामकडे बघत होते, आणि गाडी दोनदा भिंतीला घासली.

इंजिन ठसकत होतं. पेट्रोल जास्त जात होतं, हे मलासुद्धा कळत होतं. काय काय घातलं, हे विचारणारा तेवढा हारांत गप्प बसून पुढे चालला होता.